आवारातील डांबराचे वेळापत्रक

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कारभारात जे अनेक शिरस्ते कोणी न ठरवता रूढ झाले आहेत, त्यांत आवारातील रस्त्याचे डांबरीकरण ऐन मे महिन्यात, पाऊस दारात येऊन ठेपला असता, घाईघाईने उरकून घेण्याचा शिरस्ता अत्यंत खर्चिक आहे. मार्चअखेरचे हिशेब मिटले, शिल्लक दिसू लागली, मक्तेदाराचा रोलर शेजारच्या कामावर आल्याची वार्ता कानी पडली, की व्यवस्थापक समिती निविदा मागवते, उखडलेल्या जुन्या थरावर इंचभर नवे कार्पेट अंथरले जाते आणि सभासद संतुष्ट होतात. मात्र हा संतोष मृगाच्या पहिल्या सरींपलीकडे क्वचितच टिकतो. हा शिरस्ता मोडावा आणि रस्त्याची पाहणी पावसाळ्यात, दुरुस्ती दिवाळीनंतर, असा क्रम लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डांबर हा उष्णतेचा मिंधा पदार्थ. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो. आणि नागपूर-अकोल्याकडे वैशाखात हवाच जेथे पंचेचाळिशी गाठते, तेथे काळ्या पृष्ठभागाचे तापमान साठीपलीकडे सहज जाते. अशा दिवसांत ताज्या थरावर उभ्या मोटारीचे स्टिअरिंग जागच्या जागी फिरवले, म्हणजे खडी चाकाबरोबर सोलून निघते. फळीचा तुकडा खाली न घेता लावलेल्या दुचाकीचे स्टँड रुतून बसते. आणि टंचाईच्या दिवसांत नित्य येणारा दहा हजार लिटरचा टँकर, ज्यातील नुसत्या पाण्याचेच वजन दहा टन, त्याच वळणावर त्याच दोन चाकोऱ्या दाबत राहतो. थर पुरता बसण्यापूर्वीच त्या चाकोऱ्यांत पावसाचे पाणी उभे राहते.

पाणी हाच या प्रकरणातील खरा प्रतिवादी. ज्या जॉन लाउडन मॅकॅडमच्या नावाने खडीच्या रस्त्यांची पद्धत जगभर ओळखली जाते, त्याने दोनशे वर्षांपूर्वी हेच प्रतिपादन केले होते, की भार खरोखर वाहते ती खालची जमीन, ती कोरडी राहिली तर पुष्कळ भार सोसते, आणि वरच्या थराचे मुख्य कर्तव्य तिच्यावर छप्पर धरणे एवढेच. आपण मात्र छपराला रंग देत बसतो आणि पन्हळ तुंबलेलीच ठेवतो. थरावर थर चढून आवाराची पातळी जोत्यापर्यंत येते, चेंबरची झाकणे खड्ड्यात जातात, आणि पूर्वी गटाराकडे वाहणारे पाणी वाहनतळात शिरू लागते.

म्हणून मऊ पडलेल्या रस्त्याची चिकित्सा आधी व्हावी. पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो आणि चपलेला चिकटतो, परंतु खाली दबत नाही, तेव्हा दोष वर उतून आलेल्या अतिरिक्त डांबराचा असतो. तेथे भर उन्हात कच पसरून रोलर फिरवला की बहुधा भागते. जेथे चाकाखाली रस्ता हलतो आणि भेगांतून चिखल वर येतो, तेथे खालचा मुरूमच भिजलेला असल्याने वरून कितीही डांबर ओतले तरी व्यर्थ. असा भाग भोवतालच्या धडधाकट थरापर्यंत सरळ, उभ्या कडांनी चौकोनी कापावा, ओला भराव उपसून तळ कोरडा करावा, मुरूम व खडी थराथराने धुम्मसने ठोकावी, तळाला आणि कडांना इमल्शनचा हात द्यावा, ते तपकिरीचे काळे झाल्यावरच गरम माल भरून दाबावा आणि सांधा डांबराने बंद करावा. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात घमेलेभर माल टाकून फावड्याची पाठ फिरवणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

आषाढात पडलेला खड्डा दिवाळीपर्यंत तसाच ठेवायचा काय, हा आक्षेप रास्त आहे. वृद्ध सभासदाचा पाय त्यात मुरगळला तर वेळापत्रकाचा आधार घेता येणार नाही. त्यासाठी पिशवीतून मिळणाऱ्या थंड मिश्रणाचे तात्पुरते ठिगळ जरूर लावावे, पण त्याची नोंद दप्तरी ‘तात्पुरते’ म्हणूनच करावी. पैशाची सबबही टिकणारी नाही. आदर्श उपविधींनी दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरसाल वसूल करण्याची तजवीज केलेली आहे. वानवा असते ती क्रमाची.

तो क्रम कायद्यानेच जणू आखून दिला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थांबल्यावर तासाभराने समितीच्या दोघांनी छत्री घेऊन आवारात फिरावे, पाणी जेथे उभे असेल तेथे खडूऐवजी ऑइलपेंटने खूण करावी आणि तो नकाशा सभेपुढे मांडावा. प्रथम उताराला आणि गटाराला मंजुरी, मग खालच्या भरावाला, सर्वांत शेवटी डांबराला. दिवाळीनंतर जमीन वाळलेली असते, ऊन बेताचे असते, आणि नव्या थराला पुढचा वैशाख येईपर्यंत चार-पाच महिन्यांची उसंत मिळते. मक्तेदाराच्या बिलातील शेवटचा हप्ता मात्र त्यानंतरचा एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा, आणि ही अट निविदेतच घालावी. ज्याला ती मान्य नाही, त्याच्या कामाची खातरजमा आधीच झाली असे समजावे.