आठ भावांचे एक नाणे

जुन्या नाण्यांचे संग्राहक बहुधा चकाकीला भुलतात. जर्मनीतील संयुक्त राज्यकर्त्यांच्या रौप्यनाण्यांबाबत तरी ही सवय सोडलेली बरी. सॅक्स-वायमारचा ड्यूक योहान १६०५ मध्ये निवर्तला, तेव्हा मागे ८ अल्पवयीन पुत्र होते. सर्व राज्य ज्येष्ठालाच, हा नियम त्या घराण्यात रूढ नव्हता. म्हणून १६०७ पासून पाडलेल्या टालरवर प्रत्येक बाजूस चार असे आठही बंधू अवतरले. थोरला १३ वर्षांचा, तर धाकटा बर्नहार्ट जेमतेम ३ वर्षांचा! तीस वर्षांच्या युद्धात नामांकित सेनापती ठरला तो हाच. संयुक्त खात्यातील नावांप्रमाणे येथे प्रत्येक चेहरा ही हक्काची नोंद होती; सुमारे २९ ग्रॅमच्या या नाण्यात चांदीहून तिचे मोल अधिक. त्यामुळे झिजलेले, परंतु आठही चेहरे ओळखता येतील असे नाणे घासूनपुसून लखलखीत केलेल्या नाण्याहून श्रेष्ठ मानावे. छिद्र पाडून गळ्यात घातलेले मात्र टाळावे. १६४० च्या वाटणीने उरलेल्या तिघा भावांची वायमार, आयझेनाख व गोथा ही तीन घरे झाली. त्यापुढील टालर संग्रहात वेगळ्या कप्प्यात ठेवावेत.