सार आणि वाद

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनायक नरहर भावे यांनी, म्हणजे आपल्या विनोबांनी, कुराण मुळातून समजावे म्हणून चाळिशी ओलांडल्यावर अरबी भाषा शिकायला घेतली आणि अनेक वर्षांच्या चिंतनानंतर ‘कुरआन-सार’ सिद्ध केले. निवडक आयतींची विषयवार मांडणी करणारा हा ग्रंथ १९६०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाला. ‘गीताई’ लिहिणाऱ्या माणसाने एवढे कष्ट घेऊन दुसऱ्या धर्माचा ग्रंथ आत्मसात करावा, याचा रायगड जिल्ह्याला अभिमान वाटणे योग्यच आहे. पण साराला एक मर्यादा असते, आणि ती ओळखण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. सार काढायचे तर वाद गाळावा लागतो. ईश्वर एक आहे, तो दयाळू आहे, गरिबाला दान द्यावे, खोटे बोलू नये, या पातळीवर सगळे धर्म एकमेकांजवळ येतात. मात्र मुसलमान विचारवंत एकमेकांशी हजार वर्षे कशावरून भांडले, हे सारातून कळत नाही. ते न कळल्यामुळे इस्लाम म्हणजे एकच मत, एकच आवाज, एकच फतवा ही समजूत मराठी माणसाच्या मनात पक्की बसते. द्वेष करणाऱ्याच्या मनात ती असते, तशीच सद्भावना बाळगणाऱ्याच्याही मनात असते. म्हणून आता आपल्याला साराबरोबर वादाचीही ओळख हवी.

हा वाद किती मूलगामी होता हे पाहावे. कुराण हे ईश्वराबरोबर अनादि आहे की ईश्वराने निर्माण केलेले आहे, या प्रश्नावर नवव्या शतकात बगदाद ढवळून निघाले. मुतझिला पंथाचे लोक बुद्धिवादी; ग्रंथ निर्मित आहे असे ते मानत. खलिफा मामूनने ८३३ साली हेच मत राजाज्ञेने लादले आणि ते नाकारणाऱ्या इब्न हंबल यांना पुढे तुरुंगवास व फटके सोसावे लागले. बुद्धीची बाजू घेणाऱ्यांच्या पाठीशी दंडुका होता आणि परंपरेची बाजू घेणारा अंगावर वळ झेलत होता, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘पुरोगामी विरुद्ध कट्टर’ हा सोपा साचा हातातून गळून पडतो. पुढे अबू हामिद गझाली यांनी १०९५ साली एका ग्रंथात तत्त्वज्ञांच्या वीस मतांवर हल्ला चढवला. जग अनादि आहे, ईश्वराला फक्त सामान्याचे ज्ञान असते, विशेषाचे नसते, आणि मृत्यूनंतर देहाचे पुनरुत्थान नाही, ही तीन मते त्यांनी थेट धर्मबाह्य ठरवली. सुमारे शंभर वर्षांनी कॉर्डोबाचे काझी इब्न रुश्द यांनी त्या ग्रंथाचे मुद्देवार खंडन केले. शिवाय, तत्त्वज्ञानाचा अभ्यास ही ज्याच्या अंगी पात्रता आहे त्याच्यावर शरीयतनेच टाकलेली जबाबदारी आहे, असा निवाडा वेगळ्या ग्रंथात दिला. शंकराचार्य, रामानुज आणि मध्व यांची भांडणे ज्या वाचकाला ठाऊक आहेत, त्याला हा पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचा खेळ परका वाटायचे कारण नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हे सगळे खरे असले तरी ते बाराव्या शतकात संपले. गझालींनी तत्त्वज्ञानाचा गळा घोटला आणि इब्न रुश्दबरोबर शेवटचा दिवा विझला. एकोणिसाव्या शतकात एर्नेस्ट रेनाँसारख्या युरोपीय पंडितांनी ही कथा रूढ केली. ती टिकली याचे एक कारण अगदी साधे आहे. लॅटिनमध्ये जे भाषांतरित झाले तेवढेच युरोपला दिसले आणि इब्न रुश्दनंतर भाषांतरांचा ओघ आटला. दिसेनासे झाले ते संपले, असे युरोपने धरले आणि आपण तेच पाठ केले. प्रत्यक्षात खुद्द गझालींनी ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र कायद्याच्या मीमांसेच्या ग्रंथाला प्रस्तावना म्हणून जोडले, आणि त्यामुळे तर्क मदरशाच्या अभ्यासक्रमात कायमचा शिरला. सुहरावर्दींचे प्रकाशदर्शन, अंदलुसियाच्या इब्न अरबींचे अस्तित्वाच्या एकत्वाचे दर्शन, नसिरुद्दीन तुसी, सतराव्या शतकातले इराणचे मुल्ला सद्रा हे सारे गझालींनंतरचे. हिंदुस्थानात तत्त्वज्ञानाचे पंडित फतहउल्ला शिराझी विजापूरहून १५८३ साली अकबराच्या दरबारात गेले. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने जो अभ्यासक्रम देशभर चालला, त्यात तर्क आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ धर्मशास्त्राच्या जोडीने घोकून घेतले जात. पुढे काही मदरशांनी हा भाग छाटला. ते नुकसान मोठे आहे, पण ते अलीकडचे आहे आणि माणसांनी केलेले आहे. त्याचे खापर गझालींवर किंवा धर्माच्या स्वभावावर फोडता येणार नाही.

या विचारपरंपरेचा पुरावा शोधायला लखनौपर्यंतही जायला नको. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, तिथेच जुने चौल बंदर. इ. स. ९१६च्या सुमारास अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी या बंदरात आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती करून आहेत, त्यांत बसरा, बगदाद, ओमान, सिराफचे व्यापारी आहेत आणि इथेच जन्मलेली त्यांची संततीही आहे, असे त्याने नोंदवले. हाच मसूदी पुढे दुसऱ्या एका ग्रंथात लिहितो, की तत्त्वज्ञानाची शिकवण अथेन्सहून अलेक्झांड्रियाला, तिथून अंताकियाला, मग हर्रानला आणि शेवटी बगदादला पोचली. ग्रीक विचार अरबीत कसा आला याची ही एक अत्यंत जुनी नोंद आहे आणि ती करणाऱ्याने आपल्या कुंडलिकेचे मुख पाहिले होते. त्या व्यापाराची खूण आजही पुसलेली नाही. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे असताना कोकणी मुसलमान मात्र शाफिई आहेत, कारण त्यांचे नाते खैबरखिंडीशी नसून अरबी समुद्राशी आहे. गझाली हेही शाफिईच होते.

या किनाऱ्याने केवळ विचार आयात केला असेही नाही. माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांना ‘कुतुब-ए-कोकण’ म्हणतात आणि ज्यांचे निधन १४३१ साली झाले, ते अरब वंशाच्या नवायत घराण्यात इथेच जन्मलेले. त्यांच्या दर्ग्याच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मानाचा संदल निघतो, एवढे आपल्याला वर्तमानपत्रांमुळे ठाऊक असते. त्यांनी अरबीत काय लिहिले हे फारसे ठाऊक नसते. त्यांचे कुराणावरील भाष्य एका हट्टाने लिहिलेले आहे: आयती विस्कळीत वाटल्या तरी प्रत्येक आयत पुढच्या-मागच्या आयतीशी अर्थाने बांधलेली आहे, हे दाखवायचे. एक वगळता प्रत्येक अध्यायाच्या आरंभी येणारे ‘बिस्मिल्लाह’चे शब्द तेच असले, तरी माहिमी त्या त्या अध्यायाच्या आशयाप्रमाणे त्यांचा वेगळा अर्थ उलगडतात. आणि त्यांनी इब्न अरबींच्या ‘फुसूस अल्-हिकम’वर टीका लिहिली. या ग्रंथावर इब्न तैमियांसारख्या मोठ्या पंडिताने पाखंडाचा आरोप केला होता. खरे अस्तित्व एकच आणि बाकी सारे त्याचे प्रकटीकरण, हे मत ज्ञानदेवांच्या चिद्विलासाची आठवण करून देते. दोन्ही एकच आहेत असे मात्र घाईने म्हणू नये, कारण दोघांचे प्रश्न वेगळ्या जमिनीतून उगवले. महत्त्वाचे हे, की इस्लामी जगातल्या सर्वांत मोठ्या तात्त्विक भांडणात कोकणातला एक माणूस पंधराव्या शतकात बाजू घेऊन उभा राहिला. पुढे मराठीतही हा धागा आला. सूफी परंपरेतल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आणि हुसेन अंबरखानाची गीतेवरील टीका यांची दखल घेऊन रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहिला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घेणारा माणूस कोकणातलाच होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांना परंपरेतल्या विचारवैभवाच्या कथांनी समाधान वाटले नसते. तोंडी तलाकने रस्त्यावर आलेल्या बाईला इब्न रुश्दचा काय उपयोग, हा प्रश्न कुणीही विचारावा आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले ते परंपरेची डागडुजी करायला नव्हे. त्यांना ओढूनताणून या परंपरेत बसवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तरीही माझे उत्तर असे, की कायदा बदलायला बाहेरून रेटा लागतो, तसा आतून युक्तिवादही लागतो, आणि तो करणारा माणूस याच जिल्ह्यात, माथेरानला, १८९९ साली जन्मला. आसफ अली असगर फैजी हे सुलेमानी बोहरा. दहाव्या शतकातल्या फातिमी न्यायशास्त्राचा मूळ अरबी ग्रंथ संपादित करणारे आणि मुस्लिम कायद्यावर देशभर प्रमाण मानले जाणारे पुस्तक लिहिणारे हे पंडित. १९६३च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी सांगितले, की धर्म आणि कायदा वेगळे केले पाहिजेत. श्रद्धेचा गाभा टिकतो, कायदा काळाबरोबर बदलतो. हे ते बोलू शकले ते जुन्या ग्रंथांवर हुकमत होती म्हणून. मूळ ग्रंथ न वाचलेल्या माणसाने हेच वाक्य उच्चारले असते तर उलेमांनी ते एका वाक्यात उडवून लावले असते.

राहता राहिला प्रश्न, हे काम आपण, म्हणजे मुसलमान नसलेल्या मराठी वाचकांनी का करावे. विनोबांनी तो विचारला नाही. सेतुमाधवराव पगडींनी १९५३ साली सूफी संप्रदायाच्या तत्त्वज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनीही विचारला नाही. दोघांनी भाषा शिकण्यापासून सुरुवात केली. आज पेण-रोह्याच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक षड्दर्शने शिकवतो, प्लेटो आणि कांट शिकवतो. त्याच फळ्यावर गझाली आणि इब्न रुश्द यांचा जगाच्या अनादित्वावरचा वाद मांडायला दोन तास पुरतात. माहिमींच्या भाष्यातला एखादा अध्याय मराठीत टिपांसह यायला अरबी जाणणारा एक कोकणी मौलवी आणि मराठीचा एक जाणकार एवढी माणसे लागतात, आणि ती दोन्ही या जिल्ह्यात मिळतील. पहिले वाचन गागोद्यात व्हावे, असे मला मनापासून वाटते.