पट्ट्याचा रंग आणि विद्येचें वय

हल्लीं आपल्या शहरांतील पुष्कळ शाळांच्या पटांगणांवर संध्याकाळच्या वेळीं पांढऱ्या पोषाखांतील मुलामुलींच्या रांगा दृष्टीस पडतात. कमरेला निरनिराळ्या रंगांचे पट्टे बांधून, परक्या भाषेंतील अंक एका आवाजांत मोजीत, हीं मुलें लाथांचा व ठोशांचा अभ्यास करीत असतात. ही कोरिया देशाची तायक्वांदो नांवाची विद्या होय. मुलांनीं शरीर कमवावें, आणि त्याकरितां दूरच्या देशाची विद्या आली तर तिचेंही स्वागत करावें, ह्याबद्दल आमचें दुमत नाहीं. परंतु ह्या विद्येसंबंधीं दोन गोष्टी वारंवार आमच्या कानांवर येतात, आणि त्या दोन्ही आम्हांस विचार करण्यासारख्या वाटतात. एक ही कीं, 'ही विद्या दोन हजार वर्षांची जुनी आहे,' असें मुलांस सांगितलें जातें. दुसरी ही कीं, वर्गांत नांव घालतांनाच कित्येक पालक विचारतात, 'काळा पट्टा किती महिन्यांत मिळेल?' वरवर पाहतां ह्या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. आमच्या मतें मात्र दोहोंचें मूळ एकच आहे. आपण न कमावलेलें मोठेपण अंगावर मिरवावें, ही ती इच्छा होय.

प्रथम वयाचा प्रश्न घेऊं. कोरियांत अंगबळाच्या विद्या फार प्राचीन काळापासून आहेत, ह्यांत संशय नाहीं. गोगुर्यो ह्या प्राचीन राज्याच्या एका जुन्या राजधानीजवळ (ही जागा आतां चीनच्या हद्दींत आहे) सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींच्या एका थडग्याच्या भिंतीवर दोन मल्ल एकमेकांस भिडलेले रंगविले आहेत. कोरियाच्या 'सिरुम' नामक कुस्तीचें हें पूर्वरूप मानितात. सिरुममध्यें कंबर व मांडी ह्यांभोंवतीं गुंडाळलेला कापडाचा पट्टा धरून मल्ल वाळूच्या रिंगणांत झोंबतात. आमच्या वाचकांस लाल मातीची कुस्ती ठाऊक आहे. तींत पाठ टेकल्यावांचून मल्ल हरत नाहीं. सिरुममध्यें मात्र गुडघा किंवा त्यावरचा कोणताही अवयव जमिनीस लागला कीं डाव संपला. दानो नांवाच्या सणाला गांवोगांव अशा कुस्त्या होत, आणि जिंकणारास बैल बक्षीस मिळे.

दुसरी जुनी विद्या 'तेक्क्यन' ही होय. हिच्यांत खेळणारे नाचल्यासारखे डुलत, त्रिकोणी पाउलें टाकीत एकमेकांभोंवतीं फिरतात, आणि पायानें प्रतिपक्ष्यास पाडण्याची किंवा त्याच्या डोक्यास लाथ लावण्याची संधि साधतात. जपानी अमलांत ही विद्या जवळजवळ नाहींशी झाली. सोंग दोक-गी नांवाच्या गृहस्थांनीं तारुण्यांत शिकलेली ही कला म्हातारपणापर्यंत जपली. त्यांचा जन्म १८९३ सालचा. १९८३ सालीं दक्षिण कोरियाच्या सरकारनें तेक्क्यनला राष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली, तेव्हां ते नव्वदीच्या घरांत होते. १९८७ सालीं ते वारले. परंतु त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली नाहीं. २०११ सालीं युनेस्कोनेंही तिची नोंद घेतली.

मग तायक्वांदोचें काय? तिचें वय लहान आहे, आणि तें लपविण्याचें कांहीं कारण नाहीं. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या ताब्यांत होता. त्या काळीं शिक्षणासाठीं जपानांत गेलेले कांहीं कोरियन तरुण तेथें कराटे शिकले. ली वोन-गुक हे त्यांपैकींच एक होत. गिचिन फुनाकोशी नांवाच्या ओकिनावा बेटांतील एका शाळामास्तरांनीं १९२२ सालीं कराटे जपानच्या मुख्य भूमीवर आणिलें होतें; त्यांच्यापाशीं ली ह्यांनीं शिक्षण घेतलें, आणि १९४४ सालीं सोल शहरांत 'चुंग दो क्वान' हा आखाडा काढिला. स्वातंत्र्यानंतर एकदोन वर्षांतच आणखी आखाडे निघाले. त्यांपैकीं एक वर्ग १९४६ सालीं सोलच्या वाय. एम. सी. ए. मध्यें युन ब्युंग-इन ह्यांनीं सुरू केला. ते मांचुरियांत चिनी मुष्टिविद्या व जपानांत कराटे शिकलेले होते. ह्या निरनिराळ्या आखाड्यांचें एकीकरण व्हावें म्हणून १९५५ सालीं 'तायक्वांदो' हें नांव पुढें आलें. 'ते' म्हणजे पाय, 'क्वोन' म्हणजे मूठ, आणि 'दो' म्हणजे मार्ग. हें नांव सेनापति चोई होंग-ही ह्यांनीं सुचविलें, आणि सुचवितांना त्याचा उच्चार जुन्या तेक्क्यनशीं मिळताजुळता असावा, हें त्यांनीं मुद्दाम पाहिलें. तेक्क्यनशीं तायक्वांदोचा जो अखंड वंशसंबंध सांगतात, त्यास ह्या नामसादृश्यानें पुष्कळ बळ दिलें.

ह्या लोकांना नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पस्तीस वर्षें ज्या राष्ट्रानें परसत्तेचा अंमल सोसला, ज्याच्या मुलांस शाळेंत स्वभाषा बोलण्याची चोरी झाली, आणि १९४० सालापासून ज्याच्या माणसांवर जपानी नांवें घेण्याची सक्ति आली, त्या राष्ट्रास 'ही विद्या आम्ही राज्यकर्त्यांकडून शिकलों' असें म्हणणें किती जड गेलें असेल! परसत्तेचा अनुभव असलेल्या आपल्या देशास हें समजावून सांगावयास नको. म्हणून प्राचीन सिला राज्यांतील 'ह्वारांग' नामक कुलीन तरुणांच्या संस्थेची आठवण काढण्यांत आली. ते तरुण इतिहासांत खरोखरच होऊन गेले. वोनग्वांग नामक बौद्ध भिक्षूनें सिलाच्या दोन तरुणांस दिलेले पांच नियम ११४५ सालीं पुऱ्या झालेल्या इतिहासग्रंथांत नमूद आहेत: राजाशीं निष्ठा, आईबापांची सेवा, मित्रांशीं सचोटी, रणांत माघार न घेणें, आणि जीव घेतांना विवेक ठेवणें. हे नियम आजच्या मुलांस सांगावेत, त्यांवर विचार करावयास लावावें, ह्यास आमची ना नाहीं. परंतु ह्वारांगांपासून आजच्या वर्गापर्यंत गुरुशिष्यांची एकच साखळी चालत आली, असें सांगणें निराळें. त्यास पुरावा नाहीं.

ह्या बाबतींत कोरियाचाच एक जुना कित्ता आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. १७९० सालीं राजा जोंगजो ह्याच्या आज्ञेवरून 'मुये दोबो तोंगजी' हा सचित्र युद्धकलाग्रंथ तयार झाला. त्यांत भाला, तलवार, सोटा, घोड्यावरील कसरत, मुष्टियुद्ध इत्यादि चोवीस प्रकारांचें वर्णन आहे. त्यापूर्वीं दोनशें वर्षें, म्हणजे १५९२ पासून १५९८ पर्यंत, जपानच्या स्वारींत कोरिया होरपळून निघाला होता. असें असूनही ग्रंथकारांनीं जपानी तलवारीचे हात आपल्या पुस्तकांत घेतले, आणि ते 'जपानी तलवार' ह्याच नांवानें घेतले. चिनी ग्रंथांतून जें उचललें तेंही तसें सांगितलें. शत्रूपासून शिकण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं, आणि शिकलों हें लिहिण्यांतही वाटला नाहीं. ज्या देशांत सव्वादोनशें वर्षांपूर्वीं असे प्रामाणिक पंडित झाले, त्या देशाच्या विद्येस खोट्या वंशावळीची गरज कसली?

कोणी म्हणेल कीं, उसनवारी कबूल केली म्हणजे विद्येस स्वतःचें असें कांहीं उरत नाहीं. हें खरें नव्हे. कराटे स्वतः ओकिनावांतून आलें, आणि ओकिनावाच्या लोकांनीं चीनकडून पुष्कळ घेतलें होतें. उसनें घेणें हा दोष नव्हे. घेतलेल्यांत आपली भर न घालणें हा दोष होय. कोरियन शिक्षकांनीं मोठी भर घातली. मुठीला जें महत्त्व होतें तें त्यांनीं पायाला दिलें. छातीवर संरक्षक कवच घालून खरोखरीचा आघात करण्याच्या स्पर्धा त्यांनीं सुरू केल्या, आणि त्या स्पर्धांतून उंच, वेगवान व गरकन फिरून मारावयाच्या लाथा विकास पावल्या. १९७२ सालीं सोल येथें 'कुक्कीवोन' हें केंद्र उभें राहिलें. १९८८ सालीं सोलच्या ऑलिंपिक सामन्यांत ह्या खेळाचें प्रदर्शन झालें, आणि २००० सालीं सिडनी येथें त्यास पदकांच्या खेळांत पुरें स्थान मिळालें. साठसत्तर वर्षांच्या विद्येस हें यश लहान नाहीं. उलट, तिचें खरें वय सांगितलें म्हणजे तें अधिकच मोठें दिसतें.

आतां पट्ट्याचा प्रश्न. ज्या आखाड्यांत ही विद्या शिकवितात त्यास 'दोजांग' म्हणतात. आंत येतांना वांकून नमस्कार करावयाचा, अनवाणी उभें राहावयाचें, आणि गुरूस व जोडीदारास वंदन केल्यावांचून हात उचलावयाचा नाहीं, हा तेथला शिरस्ता आहे. शिक्षणाचीं अंगें मुख्यतः तीन. 'पूमसे' म्हणजे ठराविक क्रमानें एकट्यानें करावयाच्या हालचाली. 'क्योरुगी' म्हणजे जोडीदाराबरोबर झुंज. आणि 'क्योकपा' म्हणजे फळी वगैरे फोडणें. लोकांचे डोळे फळी फोडण्याकडे लागतात. परंतु विद्येचा पाया पूमसेंत आहे. काळ्या पट्ट्यापूर्वीं कुक्कीवोनच्या पद्धतींत 'तेगुक' नांवाचे आठ पूमसे शिकावे लागतात, आणि ते शेंकडों वेळां घोटावे लागतात.

हें घोटणें निरर्थक नव्हे. उदाहरणार्थ, 'दोल्यो चागी' ही बाजूनें मारावयाची लाथ पाहा. बघणारास ती एकच हालचाल वाटते. परंतु तींत प्रथम गुडघा उचलावयाचा. मग टेकलेल्या पायाच्या चवड्यावर फिरून त्याची टांच लक्ष्याच्या दिशेस आणावयाची. त्याबरोबरच कंबर वळवावयाची. नंतर गुडघ्यापासून पाय झटकन सोडावयाचा, आणि लागलाच आंखडून, तोल न जाऊं देतां, पूर्वस्थितीस यावयाचें. टेकलेला पाय नीट फिरला नाहीं तर सगळा पीळ त्याच्या गुडघ्यावर येतो. वाढत्या वयाच्या मुलाला घाईनें पुढच्या पट्ट्यावर ढकलण्यांत जो धोका आहे, तो असा अगदीं शारीरिक आहे. न पिकलेल्या विद्येचा पहिला मार शिकणाऱ्यासच बसतो.

पट्ट्यांची व दर्जांची कल्पनाही कोरियाची मूळची नव्हे; ती जपानच्या ज्यूदोकडून आली. तिचा अर्थ मात्र ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रंगीत पट्ट्यांच्या पायऱ्या उतरत्या आंकड्यांनीं मोजतात, आणि काळा पट्टा मिळतांच मोजणी पुन्हां एकापासून वर सुरू होते. म्हणजे काळा पट्टा हा शेवट नसून पहिली इयत्ता आहे! त्यापुढें 'डॅन' नांवाचे दर्जे आहेत. कुक्कीवोनच्या नियमाप्रमाणें पहिल्या डॅननंतर दुसऱ्यास निदान एक वर्ष, तिसऱ्यास आणखी दोन, व चौथ्यास आणखी तीन वर्षें अभ्यास करावा लागतो. आणि पंधरा वर्षांखालील मुलांस डॅन न देतां 'पूम' नांवाचा वेगळा दर्जा देतात. ज्यांची ही विद्या, ते वर्षांचा हिशेब करितात. आपण महिन्यांचा कां करावा? दर दोन महिन्यांनीं परीक्षा, परीक्षेगणिक फी, आणि फीगणिक नवा रंग, असा जेथें व्यवहार चालतो, तेथें मूल विद्या शिकत नाहीं, खरेदी शिकतें.

परीक्षा नकोत, उत्तेजन नको, असें आम्ही म्हणत नाहीं. लहान मुलास पुढची पायरी दिसावी लागते, हें आम्ही जाणतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पट्टा हा झालेल्या श्रमाची पावती असावा; श्रमाच्या ऐवजीं मिळणारी वस्तु असूं नये. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, नांव घालण्यापूर्वीं एक संध्याकाळ वर्गाच्या कडेला बसून पाहावें. शिक्षक चुकलेलें पाऊल थांबवून सुधारतात कीं नाहीं, मोठीं मुलें लहानांशीं झुंजतांना हात राखतात कीं नाहीं, आणि हरलेला मुलगा जिंकणारास वांकून नमस्कार करतो कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. भिंतीवरील प्रमाणपत्रांपेक्षां ह्यांवरून अधिक कळेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं जे ही विद्या शिकत असाल त्यांनीं ती मन लावून शिकावी. तिचें वय कोणी विचारलें तर खरें सांगा. त्यानें तुमची लाथ एक बोटही खालीं येणार नाहीं. कोरियाची खरी प्राचीन विद्या पाहावयाची असेल तर सिरुमकडे पाहा. १९४८ सालापासून त्या देशाचीं दोन राज्यें झालीं, १९५० सालीं त्यांच्यांत घनघोर युद्ध पेटलें, आणि पुढें तायक्वांदोच्याही जगांत दोन निरनिराळ्या संस्था होऊन फूट पडली. तथापि २०१८ सालीं उत्तर व दक्षिण ह्या दोन्ही राज्यांनीं सिरुम ही आपली एकच सामाईक ठेव म्हणून युनेस्कोकडे नोंदविली. जेथें वारसा खरा असतो तेथें वैरीही तो एकत्र मान्य करितात. आणि जेथें विद्या नवी असते तेथें ती शिकणारांनींच तिला प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची असते. तें काम रोजच्या रोज घाम गाळूनच होईल. पट्टा कोणत्याही रंगाचा असो.