आकाशातली कळ, जमिनीवरचा करार

२४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे रशियाचे रणगाडे युक्रेनच्या हद्दीत शिरले, पण युद्धाला त्याच्या तासभर आधीच तोंड फुटले होते. व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह सेवेवर युक्रेनचे सैन्यही अवलंबून होते. हल्लेखोरांनी उपग्रहाला धक्कासुद्धा लावला नाही. जमिनीवरच्या नियंत्रण यंत्रणेत शिरून त्यांनी हजारो ग्राहकांचे मोडेम एका झटक्यात निकामी केले. त्याची झळ युक्रेनपुरती राहिली नाही. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांशी असलेला दूरसंपर्क तुटला. अडीच महिन्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने या हल्ल्यासाठी रशियाला जबाबदार धरले.

दोनच दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी इलॉन मस्क यांच्याकडे ट्विटरवरून जाहीर मदत मागितली. काही तासांत मस्क यांचे उत्तर आले, की त्यांच्या स्पेसएक्स कंपनीची स्टारलिंक ही उपग्रह इंटरनेट सेवा युक्रेनवर सुरू झाली आहे. २८ तारखेला डिशनी भरलेला पहिला ट्रक पोहोचलाही. एका सार्वभौम देशाच्या सरकारने एका उद्योजकाला हाक द्यावी आणि तीही संदेशांच्या सार्वजनिक फळ्यावर, असे याआधी कोणत्याही युद्धात घडले नव्हते.

या सेवेने पुढे काय केले, ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जुने दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत असतात. तिथपर्यंत जाऊन परत यायला संदेशाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. त्यामुळे ड्रोनने टिपलेले चित्र तोफेजवळच्या सैनिकाला जवळपास त्याच क्षणी दिसते. उपग्रह हजारोंच्या संख्येने असल्याने त्यातले काही पाडूनही जाळे तुटत नाही. मारिउपोलमधल्या अझोवस्ताल पोलाद कारखान्यात वेढले गेलेले सैनिक याच डिशच्या आधारे जगाशी बोलत राहिले. मोबाइलचे टॉवर पडलेल्या गावांत दवाखाने आणि पालिका यांचे काम याच जाळ्यावर चालले. खासगी अवकाश उद्योगाने एका आक्रमणग्रस्त देशाचा आवाज बंद पडू दिला नाही, हे श्रेय त्याचेच आहे.

पण ज्याच्या हाती सुरू करण्याची कळ असते, बंद करण्याची कळही त्याच्याच हाती असते. सप्टेंबर २०२२मध्ये क्रिमियातल्या सेवास्तोपोल बंदरावरच्या रशियन नौदलावर युक्रेनला सागरी ड्रोन सोडायचे होते. तिथे स्टारलिंकची सेवा नव्हती. ती सुरू करण्याची विनंती मस्क यांनी नाकारली. वर्षभराने त्यांनी स्वतःच सांगितले, की होकार दिला असता तर त्यांची कंपनी युद्ध भडकवण्यात थेट सहभागी झाली असती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश असता तर आपण तो पाळला असता, असेही ते म्हणाले. त्याच सुमारास खेरसोन भागात युक्रेनची चढाई चालू असताना तिथली सेवा मस्क यांच्या सांगण्यावरून बंद केली गेली, अशी बातमी रॉयटर्सने जुलै २०२५मध्ये दिली. कंपनीने ती चुकीची असल्याचे म्हटले.

इथे मस्क चांगले की वाईट, या वादात मला पडायचे नाही. अण्वस्त्रधारी देशाच्या नौदलावरचा हल्ला आपल्या यंत्रणेतून घडू द्यावा का, या प्रश्नापुढे कोणीही थबकेल. माझा आक्षेप हा प्रश्न त्यांच्या दारात गेला कसा, याला आहे. आदेश देणारे राष्ट्राध्यक्ष नव्हते, करार नव्हता, नियमही नव्हता. ती रिकामी जागा एका माणसाच्या विवेकाने भरून निघाली. विवेक आज जागा असेल, उद्या नसेल. त्यावर देशाचे संरक्षण उभे करता येत नाही.

ती जागा पुढे थोडीफार भरली गेली. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने युक्रेनमधल्या सेवेसाठी स्पेसएक्सशी रीतसर करार केला. मात्र करार झाला की काळजी मिटली, असेही नाही. मार्च २०२५मध्ये मस्क यांनी लिहिले, की आपण स्टारलिंक बंद केले तर युक्रेनची सगळी आघाडी कोसळेल. त्यावर पोलंडचे परराष्ट्रमंत्री रादोस्वाव शिकोर्स्की यांनी आठवण करून दिली, की युक्रेनच्या स्टारलिंकपोटी पोलंड वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर मोजतो. सेवा तोडणार नाही, असा खुलासा मस्क यांनी केला. पण त्याच आठवड्यात अमेरिकी सरकारने मॅक्सार कंपनीच्या उपग्रह छायाचित्रांपर्यंतची युक्रेनची वाट काही दिवस रोखली. म्हणजे कंपनीने मनात आणले नाही, तरी कंपनीचे सरकार मनात आणू शकते. २४ जुलै २०२५ला तर कोणीच काही मनात आणलेले नव्हते. सॉफ्टवेअरच्या बिघाडाने स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद पडले, आणि युक्रेनच्या ड्रोन दलाच्या प्रमुखांनी सांगितले, की संपूर्ण आघाडीवर सेवा गेली आहे. मालकाची मर्जी, परक्या राजधानीचे धोरण, यंत्राचा दोष अशी तीन वेगळी कारणे, पण खंदकातल्या सैनिकाच्या वाट्याला आलेला अंधार एकच.

याच युद्धाचा एक धागा भारतापर्यंत येतो. मार्च २०२२मध्ये वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह बैकोनूरच्या तळावर रशियन सोयुझ रॉकेटवर चढून तयार होते. या कंपनीत भारताच्या भारती समूहाची आणि ब्रिटिश सरकारची भागीदारी होती. ब्रिटनने आपला हिस्सा सोडावा आणि उपग्रहांचा लष्करी वापर होणार नाही अशी हमी द्यावी, अशी अट रशियाच्या अवकाश संस्थेने घातली. वनवेबने ती मानली नाही. ते उपग्रह तिथेच अडकले. मग कंपनीने स्पेसएक्सशी आणि आपल्या न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीशी करार केले. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३मध्ये श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ रॉकेटने दोन खेपांत वनवेबचे ७२ उपग्रह कक्षेत नेले. उपग्रह तुमचे असले तरी ते वर नेणारे रॉकेट परक्याचे असेल, तर ऐन वेळी अट घातली जाणारच. पर्याय असला तरच ती नाकारण्याची ताकद असते. वनवेबच्या वेळी तो पर्याय आपण होतो, याचा मला अभिमान आहे.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? १९६७च्या बाह्य अवकाश करारातले सहावे कलम स्पष्ट सांगते, की देशातल्या खासगी संस्थांच्या अवकाशातल्या कामाची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाचीच असते. तरीही ऑक्टोबर २०२२मध्ये रशियाच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत इशारा दिला, की युद्धात वापरले जाणारे असे अर्धनागरी उपग्रह प्रत्युत्तराचे वैध लक्ष्य ठरू शकतात. ज्या उपग्रहावरून तोफेचा नेम धरला जातो, त्याच उपग्रहावरून एखाद्या खेड्यातल्या डॉक्टरचा व्हिडिओ कॉलही चालतो. या दोघांत फरक कसा करायचा, याचे उत्तर सहा दशकांपूर्वीच्या करारात नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. जून २०२५मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला. युटेलसॅट वनवेब आणि जिओ-एसईएस यांना तो आधीच मिळाला होता. ५ नोव्हेंबर २०२५ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था आणि गावे या सेवेने जोडायची आहेत. मी या निर्णयाचे स्वागत करतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि सातपुड्याच्या पाड्यांवर मोबाइलची रेंज शोधत माणसे टेकाडावर चढतात. त्यांना फायबरची वाट आणखी किती वर्षे पाहायला लावायची?

प्रश्न अटींचा आहे. मे २०२५मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने उपग्रह सेवांसाठी कडक सुरक्षा अटी लावल्या. विदा देशात ठेवणे, सीमेलगतच्या ५० किलोमीटर पट्ट्यावर विशेष नजर, युद्धप्रसंगी ठरावीक भागातली सेवा थांबवणे, असे त्यांचे स्वरूप आहे. त्या आवश्यकच आहेत. पण त्यांचा सगळा भर सेवा बंद करता येण्यावर आहे. युक्रेनने शिकवलेला धडा उलटा आहे. संकटात सेवा चालू राहील याची खात्री कोण देणार? दूरसंचार कायदा, २०२३नुसार आणीबाणीत सरकार एखादी सेवा ताब्यात घेऊ शकते. टॉवर, केबल, गेटवे ताब्यात येतील. ५५० किलोमीटरवरून फिरणारा आणि परदेशातून चालवला जाणारा उपग्रह कसा ताब्यात घेणार?

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. धरण कोणत्याही ठेकेदाराने बांधलेले असो, कालव्याला पाणी कधी सुटणार हे तो ठरवत नाही. कालवा सल्लागार समिती बसते, आवर्तन ठरते, त्याची लेखी नोंद होते आणि शेतकरी त्याचा जाबही विचारू शकतो. उपग्रह सेवेच्या करारातही हाच शिरस्ता हवा. सेवा थांबवण्याचा आदेश फक्त नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याने, लेखी आणि कारणासह द्यावा. कंपनीला एकतर्फी निर्णय घेण्याची मुभा नसावी. तिने तसे केल्यास होणाऱ्या दंडाचे कलम कागदावर असावे. आणि रुग्णालय, पोलीस ठाणे, आपत्ती नियंत्रण कक्ष यांच्यापैकी कोणीही एकाच कंपनीच्या डिशवर विसंबून राहू नये. दुसरी जोडणी वेगळ्या मालकीची आणि शक्य तिथे इस्रोच्या उपग्रहावरची असावी.

स्वतःची ताकद वाढवण्याला पर्याय नाही. ४,७०० किलो वजनाचा जीसॅट-एन२ हा आपला दळणवळण उपग्रह नोव्हेंबर २०२४मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटने अमेरिकेतून सोडावा लागला, कारण तेवढे वजन भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सोडण्याची क्षमता आपल्या रॉकेटमध्ये नव्हती. सरकारने ५२ टेहळणी उपग्रहांची सुमारे २७ हजार कोटींची योजना मंजूर केली आहे आणि त्यातले ३१ उपग्रह खासगी कंपन्या बांधणार आहेत. म्हणजे उद्या भारतातही युद्धकाळातले उपग्रह खासगी हातांनी घडलेले असतील. अशा वेळी अवकाश धोरण आहे, पण अवकाश कायदा नाही, ही स्थिती धोक्याची आहे. कंपनीचे अधिकार, तिची जबाबदारी, नुकसान झाल्यास भरपाई आणि युद्धकाळातली तिची कर्तव्ये संसदेने कायद्यात लिहिली पाहिजेत.

युक्रेनकडे अटी मांडायला वेळ नव्हता. रणगाडे दारात असताना जो मदत देईल त्याची मदत घ्यावीच लागते. आपल्याकडे आज वेळ आहे. इरादापत्राचे अंतिम करारात रूपांतर व्हायच्या आधी मुंबईतल्या मंत्रालयाने ही कलमे त्यात घालावीत आणि तो करार विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्राचे इंटरनेट कोणाच्या शब्दावर बंद होऊ शकते, हे तिथल्या परिचारिकेलाही वाचून समजले पाहिजे. ती तिची मागणी होण्याआधी आपण तो तिचा हक्क म्हणून लिहून द्यायला हवा.