पॅन उघडा, मग बोला

माझ्या २००४ च्या शेव्हरोले सिल्व्हरॅडो ट्रकच्या मॅन्युअलमध्ये एक लहानसा परिच्छेद आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीवाल्याने तो एकदा वाचावा. साधारण वापर असेल तर गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर १ लाख मैलांवर, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटरवर बदला, असं तो सांगतो. वापर खडतर असेल तर निम्म्यावरच, ५० हजार मैलांवर. आणि खडतर वापर कशाला म्हणायचं, तेही दिलंय. बाहेरचा पारा वरचेवर ३२ अंशांवर जातो अशा ठिकाणी शहरातल्या गर्दीत गाडी चालवणं. डोंगराळ रस्ते. वारंवार ट्रेलर ओढणं. टॅक्सी, पोलीस किंवा डिलिव्हरीसाठी वापर.

एप्रिलच्या दुपारी हिंजवडीच्या रांगेत अडकलेली गाडी यात बसत नाही का? रोज खंबाटकी चढणारी? मे महिन्यातली नागपूरची टॅक्सी? या यादीत कुठेच न बसणारा मराठी गाडीवाला मला तरी शोधून सापडणार नाही. तरीही आपल्याकडे ऑटोमॅटिकच्या तेलाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: त्याला हात लावायची गरज नाही.

मी मूळचा कराडचा. बरीच वर्षं ऑस्टिनजवळ राहतो. हा ट्रक मी जुना घेतला आणि अजून चालवतो. रोपवाटिकेतून माती आणायची, मित्रांची घरं हलवायची, गणपतीत ढोल-ताशा पथकाचं सामान ट्रेलरवर लादून ह्यूस्टनला न्यायचं, ही सगळी कामं त्याचीच. टेक्सासात उन्हाळ्यात पारा ३८ वर जाणं ही काही बातमी नसते. म्हणजे मी आपोआप खडतर वर्गातला. त्यामुळे १ लाख मैलांचं कलम मी माझ्यापुरतं केव्हाच खोडून टाकलंय.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. त्याने पुण्यात जुनी ऑटोमॅटिक घेतली, चांगली ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. परवा फोनवर म्हणाला, “मामा, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात तेल लाइफटाइम आहे. उगाच उघडलं तर बिघडेल.” मी विचारलं, “लिहून देतात का?” तर म्हणे, “तसं कोण लिहून देतं?”

घोडं इथेच पेंड खातं. आपल्या दोन-तीन पिढ्या हाताने गिअर टाकण्यात गेल्या. त्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं काम मुख्यतः दाते वंगणात ठेवण्याचं. तेल थोडं म्हातारं झालं तरी गाडी कुरकुरत का होईना, चालते. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचं काम फार मोठं आहे. इंजिनाची ताकद कन्व्हर्टरमधून पुढे जाते ती तेलातूनच. क्लच प्लेटांचे जुडगे आवळले जातात ते तेलाच्याच दाबाने. तेच उष्णता बाहेर नेतं, आणि प्लेट प्लेटला किती घसरून पकडणार तेही त्यातली रसायनं ठरवतात. वंगण म्हटलं की ते घसरवणारं हवं, पण या वंगणाने घसरवायचंही आणि नेमक्या क्षणी पकडायचंही. हे जमवणं इतकं अवघड, की अमेरिकेत त्यासाठी एके काळी चक्क स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० मध्ये तो प्राणी संकटग्रस्तांच्या यादीत गेला आणि पर्यायी रसायन शोधायला सगळ्यांची धावपळ उडाली.

असं तेल उष्णतेने मरतं. इथल्या मेकॅनिकांचा एक ठोकताळा आहे: तेलाचं तापमान ८० अंशांच्या वर गेलं की दर अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. ठोकताळाच तो, प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. पण ट्रेलर लावून चढ चढताना काटा कसा सरकतो हे ज्याने बघितलंय, त्याला तो पटतो.

आता प्रत्यक्ष काम. माझ्या ट्रकमध्ये ४एल६०-ई नावाचा चार गिअरचा गिअरबॉक्स आहे. जनरल मोटर्सने तो लाखोंनी बनवला. खालचा पॅन १६ बोल्टांवर लटकतो, आणि माझ्या पॅनला तेल सोडायचा बूच नाही. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा स्वतः गाडीखाली झोपवायला हवं. तीन बाजूंचे बोल्ट काढायचे, चौथ्या बाजूचे नुसते सैल करायचे, पॅन हलकेच खाली झुकवायचा आणि लाल धार परातीत पडेल अशी आशा करायची. काही धार कोपरापर्यंत येतेच. ट्रक आधी भक्कम स्टँडवर घ्यायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणाऱ्याशी तेलाची चर्चाच करू नये.

पॅन हातात आला की खरी वाचायची गोष्ट मिळते. तळाशी एक चुंबक असतो. त्याच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप बसलेला असतो, बोटाने पुसला तर काजळीसारखा निघणारा. ती पोलादाची नेहमीची झीज, तिला घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारे तुकडे, चमचमणारी कपची लागली तर मात्र आत काहीतरी मोडतंय. तळाला काळा गाळ दिसला तर तो क्लच प्लेटांच्या अस्तराचा. मग तेलाचा वास घ्यायचा. जळका, घशाला लागणारा वास आला तर त्या गिअरबॉक्सने कधीतरी भलताच ताप सोसलेला आहे. हे तपासायला ना स्कॅनर लागतो ना संगणक, आणि तरीही डॅशबोर्डवरचा दिवा जे सांगत नाही ते इथे कळतं.

फिल्टर ओढून काढला की त्याचं रबरी सील बहुधा वरच्या भोकात चिकटून राहतं. ते काढताना स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमला ओरखडा गेला तर पंप तेलासोबत हवा ओढू लागतो, म्हणून इथे घाई नको. नवं गॅस्केट बसवून बोल्ट आवळायचे ते ११ न्यूटन-मीटरला, म्हणजे मनगटाच्या जोराने. दंडाचा जोर लावला की पॅनची कड वाकते आणि गळती सुरू होते. आणि या गिअरबॉक्सचं तेल मोजायचं ते इंजिन चालू ठेवून, गाडी पार्कमध्ये आणि तेल गरम असताना. गाडी बंद करून डिपस्टिक बघाल तर वाचन चुकणारच.

एवढं करूनही निघतं किती? आत एकूण साधारण पावणेअकरा लिटर, त्यातलं पॅनमधून येतं पावणेपाच लिटरच्या आसपास. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बसून राहतं. म्हणून मी काही महिन्यांनी आणखी एकदा पॅन खाली घेतो. दुकानात यंत्र लावून सगळं तेल एका झटक्यात बदलून देतात, पण बरेच जण पॅन उघडतच नाहीत. जुना फिल्टर तसाच राहतो, चुंबकावर काय चिकटलंय हे कुणी बघत नाही, आणि बिल मात्र मोठं येतं.

तेल बदललं की जुना गिअरबॉक्स मरतो, असं म्हणणारे इथेही आहेत. माझा शेजारी मूळचा मेक्सिकोचा, हाडाचा मेकॅनिक. त्याचं म्हणणं असं, की लोक तेल बदलायला येतात तेच गाडी घसरायला लागल्यावर, गिअर उशिरा पडायला लागल्यावर. म्हणजे अस्तर आधीच झिजलेलं असतं. मग दोन आठवड्यांत गिअरबॉक्स बसला की दोष नव्या तेलाच्या माथी. हे मला पटतं, पण सरसकट नाही. कधीच न उघडलेला आणि आधीच झटके मारणारा गिअरबॉक्स असेल, तर नव्या तेलाने अस्तर परत उगवणार नाही. तिथे तेलावर पैसे घालण्यापेक्षा ते मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. मात्र गाडी नीट चालत असताना, पॅनमधलं तेल नुसतं तांबूस-तपकिरी झालेलं असताना ते बदलू नका असं सांगणाऱ्याकडे कारण मागावं.

‘कायमचं तेल’ या दाव्याकडे बघा. जर्मनीची झेडएफ कंपनी आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, तो अनेक महागड्या गाड्यांत बसतो. गाडी बनवणारे काही जण त्याचं तेल बदलायची गरज नाही म्हणतात, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ म्हणते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला. गिअरबॉक्स ज्याने घडवला, माझा विश्वास त्याच्यावर.

गाडी बनवणाऱ्यांनी असं का सांगावं, याचं गूढ मोठं नाही. देखभालीचा खर्च कमी दाखवला की गाडी विकायला सोपी. पहिला मालक पाच-सहा वर्षांत ती काढून टाकतो, तोवर वॉरंटीही संपलेली असते. तेल न बदलण्याची बचत पहिल्याची आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च तिसऱ्याचा. माझ्यासारख्या किंवा माझ्या भाच्यासारख्या जुनी गाडी घेणाऱ्याचं त्या हिशेबात नावच नसतं. जुन्या गाड्या दोनदा-तीनदा हात बदलतात त्या आपल्या देशात हे जास्त लागू पडतं.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेल ठरावीक तापमानाला आणून एका बुचातून ओघळेपर्यंत भरायचं, आणि ते तापमान बघायला स्कॅनर लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते जमणार नाही. शिवाय ‘ऑटोमॅटिक’ या एका पाटीखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेलं एएमटी म्हणजे साधा हातगिअरच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी वेगळं, दोन क्लचवालं वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरवालं वेगळं. प्रत्येकाचं तेल निराळं. लाल दिसलं म्हणून ओतलं तर सीव्हीटीचा पट्टा आठवडाभरही टिकेल असं नाही.

म्हणून मागणी सर्व्हिस सेंटरकडे करायची, आणि ती तोंडी नको. जॉब कार्डवर तेलाचा नेमका प्रकार आणि किती लिटर भरलं ते लिहून घ्यायचं. जुना फिल्टर आपल्या हातात मागायचा. काही गाड्यांत फिल्टर आणि प्लास्टिकचा पॅन एकच असतो, तर तो अख्खा मागायचा. ‘गरज नाही’ म्हणाले तर तेही सही-शिक्क्यानिशी मागायचं. सही मागितली की गरज अचानक निर्माण होते, असं भाच्याने नंतर कळवलं. त्याला सुटा भाग यायला पंधरा दिवस थांबायला सांगितलंय.

गाडी कंपन्यांकडे माझं मागणं एवढंच, की भारतासाठी छापलेल्या मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेळापत्रक पहिल्या पानावर घ्या आणि साधारण वापराचं तळटीपेत टाका. आणि जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे एक. जाहिरातीत ‘सिंगल हँड, डॉक्टर ओन्ड, नवे टायर’ लिहिता, तिथेच गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदललं तो आकडाही लिहा. तो आकडा नसेल तर मी किमतीत तेलाचे आणि फिल्टरचे पैसे कापूनच बोली लावतो. पुण्यात भाच्यालाही पुढच्या गाडीसाठी तेच सांगितलंय.