मतपेटीत हरले, विधानसभेत जिंकले!

रेल्वेत ताप आला तर आपण सिक मेमो घेऊन दवाखाना गाठतो. वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा खात्यावर जमा होते. ही रजा कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. पण तिची आता इतकी सवय झाली आहे की तिच्याशिवाय नोकरी असते हे आपल्या तरुण मंडळींना खरे वाटत नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात खासगी कामगाराला पगारी आजारी रजा दिलीच पाहिजे असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा आजही नाही. राज्याने कायदा केला किंवा मालकाने मनावर घेतले तर रजा, नाहीतर अंगात ताप घेऊन कामावर जायचे किंवा रोज बुडवायचा.

तिथल्या मिसूरी राज्यात जे घडले ते प्रत्येक कामगाराने समजून घ्यावे.

अमेरिकेतील काही राज्यांत ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या जमवल्या की कायद्याचा मसुदा थेट मतपत्रिकेवर येतो. मिसूरीच्या कामगारांनी हा मार्ग धरला. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १३.७५ डॉलर आणि २०२६ मध्ये १५ डॉलर करावे, पुढे ते महागाईप्रमाणे वाढावे, आणि ३० तास काम केल्यावर एक तास पगारी आजारी रजा मिळावी, एवढीच मागणी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये शंभरातल्या ५७ हून अधिक मतदारांनी तिला होकार दिला.

मालकांच्या संघटनांनी लगेच ओरड सुरू केली. धंदा बुडेल, छोटा दुकानदार मरेल, नोकऱ्या जातील! हे रडगाणे आपल्याला नवे नाही. कामाचे तास आठ करा म्हटले तेव्हाही हेच, बोनस मागितला तेव्हाही हेच. आता हिशेब बघा. मोठ्या मालकाला वर्षाला जास्तीत जास्त ५६ तासांची रजा द्यायची होती, म्हणजे आठ तासांचे सात दिवस. पंधरापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या मालकाला ४० तास, म्हणजे पाच दिवस. तीही कामगाराने आधी राबून कमावलेली. पाच दिवसांच्या आजारपणाने जो धंदा बुडतो, तो आजवर कामगाराच्या तापावरच चालला होता असे म्हणावे लागेल.

निकालानंतर महिनाभरातच राज्याचे चेंबर ऑफ कॉमर्स आणि इतर व्यापारी संघटना कोर्टात गेल्या. २९ एप्रिल २०२५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा निर्णय कायम ठेवला. १ मे रोजी, कामगार दिनालाच, रजा लागू झाली. पण मालकांनी तोवर विधानसभेत मोर्चेबांधणी केली होती. १४ मे रोजी वरिष्ठ सभागृहात चर्चा बंद पाडून विधेयक मंजूर झाले, १० जुलैला गव्हर्नर माइक केहो यांनी सही केली आणि २८ ऑगस्टला रजा रद्द. चार महिनेही टिकली नाही! १५ डॉलरचा दर ठेवला, पण महागाईशी घातलेली त्याची सांगड तोडली. म्हणजे महागाई वाढेल तसा तो दर झिजत जाणार.

आता मालकांनी स्वतः आणलेला कायदा पाहा. कॅलिफोर्नियात ॲपवर गाडी चालवणाऱ्यांना कामगार मानावे असा कायदा २०१९ मध्ये झाला. उबर, लिफ्ट, डोअरडॅश अशा कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतून २०२० मध्ये मतपत्रिकेवरच स्वतःचा मसुदा मंजूर करून घेतला : हे चालक कामगार नाहीत, स्वतंत्र ठेकेदार आहेत! त्यातच कलम घातले की विधिमंडळाला यात बदल करायचा तर आठातल्या सात भागांचे बहुमत हवे. कामगारांचा कायदा साध्या बहुमताने गेला, आणि कंपन्यांच्या कायद्याला सात-अष्टमांशांचे कुलूप! आपल्या पोस्टातील बांधवांना ही चलाखी ओळखीची वाटेल. ग्रामीण डाक सेवक खात्याची डाक वाहतो, खात्याचा शिक्का मारतो, पण खात्याचा नियमित नोकर म्हणून धरला जात नाही.

मालकांना शिव्या देणे सोपे आहे. थोडे कटू बोलतो. ज्या आमदारांनी रजा काढून घेतली, त्यांतले बहुतेक त्याच दिवशी, त्याच मतदारांच्या मतांनी निवडून आले होते. एका रकान्यात कामगाराने स्वतःला रजा दिली आणि दुसऱ्या रकान्यात ती काढून घेणाऱ्याला खुर्ची दिली. आपण वेगळे काय करतो? गेट मीटिंगला लाल झेंड्याखाली घोषणा देतो आणि मतदानाला जात, गाव आणि पाहुणे बघतो. मग पार्लमेंटमध्ये २९ कामगार कायदे मोडून चार संहिता होतात, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलातही येतात, आणि आपण विचारतो की हे झाले कसे!

याच मिसूरीत उलटही घडले आहे. युनियनची वर्गणी बुडवण्याची मोकळीक देणारा कायदा २०१७ मध्ये विधानसभेने केला. युनियनवाल्यांनी दारोदार फिरून तीन लाखांवर सह्या जमवल्या, कायदा लागू होण्याआधीच रोखला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये शंभरातल्या ६७ मतांनी मोडीत काढला. तेव्हा प्रत्येक पाळीत, प्रत्येक गल्लीत युनियनचा माणूस उभा होता.

मालक एका पराभवाने घरी बसत नाही. मतपेटीत हरला की कोर्टात जातो, कोर्टात हरला की सभागृहात जातो. आपण मात्र विजयाचा गुलाल उधळून घरी जातो. बंधू-भगिनींनो, ही सवय सोडा. उद्याच्या शाखा सभेला या, येताना एका तरुण सहकाऱ्याला आणि साफसफाईच्या एका ठेक्यावरच्या कामगारालाही सोबत आणा.

कामगार एकजुटीचा विजय असो!