तळ्याविना जलचर

बेडकाची जीवनकथा सर्वांच्या परिचयाची आहे. त्याचे पिल्लू प्रथम माशाप्रमाणे पाण्यात राहते व कल्ल्यांनी श्वास घेते. पुढे त्याला पाय फुटतात, शेपटी नाहीशी होते आणि ते जमिनीवर येते. मेक्सिको देशातील अक्सोलोटल हा बेडकाचाच दूरचा आप्त. परंतु त्याचे बालरूप सहसा सरतच नाही. वीतभर लांबीच्या या सॅलमँडरच्या मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे तीन-तीन कल्ले आजन्म डुलत असतात. पूर्ण वाढ झाल्यावरही तो पाण्यातच राहतो आणि मादी पाणवनस्पतींवर अंडी घालते.

निसर्गाने त्यास आणखी एक विलक्षण देणगी दिली आहे. त्याचा पाय तुटला, तर हाडे, स्नायू व कातडी यांसह तो पुन्हा उगवतो. शेपटीच नव्हे, तर हृदयाचा व मज्जारज्जूचा जखमी भागही तो भरून काढतो. १८६४ साली ३४ अक्सोलोटल पॅरिसला नेण्यात आले. त्यांची संतती पुढे अनेक देशांतील प्रयोगशाळांत पसरली. आज काचेच्या टाक्यांत असे हजारो प्राणी सुखाने पोहत आहेत. मग त्यांची चिंता कशाला करावयाची, असे कोणी विचारील.

हा प्रश्न फसवा आहे. अक्सोलोटलचे स्वाभाविक घर आता एकच उरले आहे. ते म्हणजे मेक्सिको शहराच्या दक्षिणेचे सोचिमिल्को. तेथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके उथळ पाण्यात गाळ रचून ‘चिनांपा’ नावाची शेते केली. त्यांच्या भोवतीच्या कालव्यांत हा प्राणी नांदत होता. पुढे शहर वाढले, झऱ्यांचे पाणी शहराकडे वळले आणि कालव्यांत सांडपाणी आले. लोकांना अन्न मिळावे या सद्हेतूने कार्प व तिलापिया हे परके मासे पाण्यात सोडण्यात आले. त्यांनी अक्सोलोटलची अंडी व पिल्ले फस्त केली. १९९८ साली दर चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अक्सोलोटल होते. २०१४ साली ते अवघे ३६ च्या आसपास उरले. तुटलेला पाय पुन्हा वाढविणाऱ्या या प्राण्याला नासलेले पाणी मात्र स्वच्छ करता येत नाही. ते काम मनुष्याचेच आहे.

कुंडीतील रोपटे जगले, म्हणून अरण्य जगले असे होत नाही. टाकीतील प्राणी थोड्याच पूर्वजांची प्रजा आहेत, आणि तळ्याच्या जीवनाशी त्यांचा संबंध तुटलेला आहे. म्हणून प्राणी वाचवावयाचा, तर त्याचे पाणी वाचविले पाहिजे.

हे अशक्य नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील शास्त्रज्ञ व चिनांपांवरील शेतकरी यांनी काही कालव्यांच्या तोंडाशी गाळण्या बसवून परक्या माशांना अटकाव केला व पाणी सुधारले. टाकीत वाढविलेले १८ अक्सोलोटल अशा सुधारलेल्या व कृत्रिम पाणथळ जागी सोडण्यात आले. निरीक्षणाच्या काळात ते तग धरून राहिले, आणि जे पुन्हा पकडले गेले त्यांचे वजनही वाढलेले आढळले, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले.

२०२१ पासून मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नोटेवर अक्सोलोटलचे चित्र आहे. हा मान उचितच होय. परंतु नोटेवर चित्र छापणे सोपे, कालवा स्वच्छ ठेवणे कठीण. त्या प्राण्याचे भवितव्य या कठीण कामावरच अवलंबून आहे.